पक्ष्यांना वळसा

गाडीची समोरची काच चिखलानं बरबटावी, वायपर मोडून पडावा आणि बाजूचे दोन्ही आरसे मात्र लख्ख राहावेत, तसं ड्रायव्हरच्या डोळ्यांचं झालं होतं. समोरचं जग गेलं, कडेचं तेवढं उरलं. माणूस पुढ्यात उभा राहिला की त्याचा चेहरा पुसलेला, कान मात्र जागच्या जागी. दार दिसायचं नाही, चौकट दिसायची. ताटली दिसायची नाही, तिचा काठ दिसायचा. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस, आणि आता घरातल्या घरात नळापर्यंत जायचं तर मान तिरकी करून, कोंबडीसारखं एका डोळ्यानं बघत जावं लागे.

"मधलं गेलंय, कडा राहतील," असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते.

"म्हणजे रस्ता गेला, फुटपाथ राहिला," ड्रायव्हर म्हणाला आणि डॉक्टर हसले होते. निघताना त्यांनी सहज विचारलं होतं, "आजोबा, नसलेलं काही दिसतं का कधी? फुलं, जाळी, माणसं?"

"असलेलंच दिसेना, तर नसलेलं कुठून दिसायचं?"

डॉक्टर पुन्हा हसले. त्या दिवशी ते उत्तर खरं होतं.

घरात मुलगा आणि सून, दोघंही नोकरीला. नात शिकायला परगावी, वसतिगृहात. दिवसभर घरी दोनच माणसं, ड्रायव्हर आणि त्याची वहिनी. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. दादा गेला तेव्हापासून त्या इथेच, मागच्या खोलीत. उमेदीच्या काळात त्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होत्या. पाहुण्यांनी फाडलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, सगळं सांधायचं काम त्यांचं. सांधण्यापलीकडे गेलेल्या चादरी लाँड्रीवाले अजूनही त्यांना गाठोडं बांधून देत, आणि वहिनी त्यांच्या गोधड्या शिवत. त्यांच्या खोलीत शिरलं की साबणाचा आणि ऊन खाल्लेल्या कापडाचा वास यायचा.

ड्रायव्हर गॅलरीत बसून खालच्या रस्त्यावरच्या बसगाड्या ऐके. "हा गाढव क्लच जाळणार!" "अरे, ब्रेक घासलेत त्याचे, सांगा रे कुणीतरी!" दुपारपर्यंत शिव्यांचा साठा संपे आणि मग तो नुसताच बसून राही, डेपोत लावलेल्या मोडक्या गाडीसारखा.

एक दिवस वहिनी शेजारी येऊन बसल्या.

"भावजी, खालचे ड्रायव्हर काही तुमचं ऐकत नाहीत. हात रिकामे असले की तोंड चालतं. हे घ्या."

बोटांना काहीतरी गार, बारीक लागलं.

"सुई? वहिनी, हे स्टिअरिंगचे हात आहेत."

"मग? रस्ता डोळ्यांच्या आधी हातांना कळतो, असं तुम्हीच सांगत होतात ना जेवताना? आता कळू द्या की."

"लोक हसतील."

"कोण हसलं ते तुम्हाला दिसणार आहे का?"

यावर ड्रायव्हर इतका मोठ्यानं हसला की खालून कुणीतरी वर पाहिलं असावं. आणि हसता हसता सुई हातात राहिली ती राहिलीच.

वहिनींनी त्याला शिकवलं ते बोटांनी. सुई खास होती, माथ्यावर खाच असलेली. दोरा वरून दाबला की टचकन आत जाई, नेढं शोधायची कटकट नाही. चादरीचे तुकडे एकावर एक, कच्च्या टाक्यांनी धरलेले. वर कागदाची चिकटपट्टी लावून दिलेली, तिच्या काठाकाठानं धावदोरा घालत जायचं. पट्टी संपली की उचलायची आणि पुढे लावायची.

"हा तुमचा कठडा. कठडा सोडला की दरी."

"आणि खाली?"

"खाली डाव्या हाताचं बोट. सुईचं टोक बोटाला लागलं की समजायचं स्टॉप आला. परत वर."

"जास्तच लागलं तर?"

"तर आई गं म्हणायचं आणि गाडी परत चालू करायची."

पहिले काही दिवस नुसतं आई गं झालं. मग हळूहळू बोटांना तो ताल सापडला. सुई आत, टोक बोटाला, सुई वर, दोरा सर्रकन. वहिनी शेजारी आपली गोधडी घेऊन बसत आणि स्वतःशीच गुणगुणत:

*सुई चाले पुढं पुढं, दोरा तिच्या मागं मागं,*
*एवढ्याशा नेढ्यातून गेलं माझं जग गं.*

"कुणाचं हो गाणं हे?"

"माझंच. लाँड्रीतल्या मशिनी इतक्या खडखडायच्या, म्हणावं ते खपून जायचं."

नातीनं फोनवर सांगितलं होतं, की तिकडे फार गारठा आहे. ड्रायव्हरनं ठरवलं, पहिली गोधडी तिची. तो तुकडे जुळवी, टाके घाली आणि विचारी, "वहिनी, कसं झालंय?"

"छान झालंय."

"सरळ?"

"सरळच की. पहिल्यांदा शिवणाऱ्याच्या मानानं फारच छान."

आयुष्यात कुणी त्याच्या गाडी चालवण्याची स्तुती केली नव्हती. बस नीट चालली की लोकांना ती कळतच नाही, बिघडली तरच कळते. त्यामुळे हे 'छान' त्याला फार गोड लागलं.

आणि मग पक्षी आले.

आधी जाळी आली. पांढऱ्या कापडावर बारीक निळ्या रेघांची, कुंपणाच्या तारेसारखी. त्याला वाटलं, कापडाची वीण दिसतेय, म्हणजे डोळे सुधारतायत की काय! दुसऱ्या दिवशी त्या जाळीत पक्षी बसले होते. छोटे, निळे, पोट पिवळं, चोच मिटलेली. आणि स्पष्ट तर किती! जिथे सुनेचा चेहरा पुसून गेलेला, वर्तमानपत्राचा मथळा म्हणजे राखेचा डाग, नेमक्या त्याच जागी, अगदी समोर, पक्ष्याच्या पंखातली काडी न् काडी दिसत होती.

त्यानं तुकडा उचलून वहिनींपुढे धरला.

"हे निळ्या पक्ष्यांचं कापड कुठून आलं हो?"

वहिनींची सुई थांबली. कापडातून दोरा ओढल्याचा आवाज अर्ध्यावरच राहिला.

"पक्ष्यांचं?" त्या म्हणाल्या. "हां... ते होय. हॉटेलात मुलांची खोली होती, तिथल्या चादरी."

"छान आहेत."

"छान आहेत," वहिनी म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, फार मायेनं, "निळे आहेत ना?"

"निळे. पोटाशी पिवळे."

"हो, पिवळे."

ड्रायव्हरला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. वाटलं असेल तर एवढंच, की वहिनींचा आवाज ओळखीचा होता. हा आवाज, असा मऊ, असा जपून पाऊल टाकणारा, आपण आधी कधीतरी ऐकलाय. पण कुठे, ते काही आठवेना.

आता शिवण्याचं काम अवघड होऊन बसलं. नातीच्या गोधडीत पक्षी उलटे कसे चालतील? तो एकेक तुकडा फिरवून फिरवून लावू लागला, सगळ्यांची डोकी एका दिशेला. वहिनी मदत करत. "असा?" "नाही, अजून थोडा." "आता?" "आता सुलटे झाले." पण पक्षी मोठे चावट. तुकडा फिरवला तरी ते परत आपल्या मर्जीनं बसत. नजर हलली की तेही सरकत. ड्रायव्हर स्वतःलाच दोष देई. डोळेच असे, तर कापड बिचारं काय करणार?

शिवाय पक्ष्यातून सुई घालायला त्याचं मन होईना. वाटेत पक्षी आला की तो कठडा सोडून बाजूनं टाके घेई, वळसा घालून पुन्हा पट्टीशी येई. चाळीशीत असताना एकदा रस्त्यात कबुतरांचा थवा बसला होता, तेव्हा त्यानं हॉर्न न वाजवता अख्खी बस कडेनं काढली होती. मागचे प्रवासी शिव्या देत होते. तीच सवय हातात होती.

"कसं झालंय, वहिनी?"

"छान."

असे दिवस गेले. कधी पानं येत, कधी परत पक्षी. एकदा संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याशी टोपी घातलेली तीन माणसं उभी दिसली, अंगठ्याएवढी. ड्रायव्हरनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा माणसं नव्हती. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. कापडावर पक्षी असतात, ते ठीक आहे. कठड्यावर माणसं नसतात. असतील तर ती पडतील.

एका सुट्टीच्या दिवशी सून कपाट आवरत होती. तिनं गोधडी उचलून झटकली.

"बाबा, केवढी मोठी झाली हो! पण इतकी पांढरीशुभ्र, हॉस्टेलवर चार दिवसांत मळेल."

"मळखाऊ नाही खरी," ड्रायव्हर म्हणाला. "पण पक्ष्यांमुळे डाग कळायचे नाहीत."

"कुठले पक्षी?"

वहिनी स्वयंपाकघरातून जवळजवळ धावतच आल्या. "अगं, ते नाही का, निळे. बघ की नीट."

सून गप्प झाली. ती गप्प राहिली तेवढ्यात पंखा दोनदा किरकिरला. ड्रायव्हरला तिचा चेहरा दिसत नव्हता. पण चालत्या गाडीचं इंजिन एक ठोका चुकलं, तर अर्धवट झोपेतला ड्रायव्हरसुद्धा दचकून जागा होतो.

"हो हो," सून म्हणाली. "आहेत की. बारीक आहेत, म्हणून पटकन दिसले नाहीत."

बारीक? ते चांगले बोटाएवढे होते.

त्या दिवसापासून ड्रायव्हरच्या डोक्यात चक्र सुरू झालं. पक्षी आहेत की नाहीत? नसतील, तर वहिनींना कसे दिसले? वहिनींना दिसले म्हणजे असलेच पाहिजेत. पण सुनेला का दिसले नाहीत? की सुनेला दिसले, आणि ती गप्प झाली ती दुसऱ्याच कशामुळे? की गप्प झालीच नव्हती, पंखाच मध्ये बोलला? त्यानं कापडावरून बोट फिरवलं. छापील चित्र बोटाला लागत नाही. बोट म्हणालं, मला काय विचारतोस, माझा तो प्रांत नाही. डोळे म्हणाले, पक्षी. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचे दिवस तर केव्हाच सरलेले. आंधळ्यानं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं म्हणतात. पण दुसऱ्याचे डोळे खोटं बोलत असतील, तर त्यानं कुणाच्या डोळ्यांनी बघावं?

दुपारी तो वहिनींच्या खोलीत गेला. गठ्ठ्यातून एक तुकडा उचलला आणि डोळे मिटले. चांगले घट्ट मिटले. पापण्यांमागे काही नव्हतं, पक्षी नाही, जाळी नाही, नुसता लालसर काळोख.

"वहिनी," तो म्हणाला, "या तुकड्यावर गाडी आहे ना? लाल?"

हे त्यानं बनवलं होतं. मुळात काही दिसलंच नव्हतं.

सुई थांबली. दोरा अर्ध्यावर राहिला. आणि तोच मऊ, जपून पाऊल टाकणारा आवाज आला, "हो ना. लालचुटूक आहे. अगदी तुमच्या बससारखी."

तेव्हा ड्रायव्हरला आठवलं, हा आवाज कुठला.

दादाच्या शेवटच्या दिवसांतला. दादाला तेव्हा रिकाम्या खुर्चीत पाहुणे दिसत. "बसा ना, उभे का?" असं तो हवेला म्हणे. सुरुवातीला वहिनी सांगत, "अहो, कुणी नाही तिथे." मग दादा चवताळे, हातातलं फेकून देई, आणि मागाहून लहान मुलासारखा रडे. पुढे वहिनींनी ते सोडलं. "हो, आलेत ना. चहा ठेवते," म्हणू लागल्या, आणि खरोखर दोन कप भरू लागल्या. भेटायला आलेला ड्रायव्हर तो पाहुण्याचा कप पिऊन टाकी, वाया जाऊ नये म्हणून. दर घोटाला त्याच्या छातीत एकच काटा सले: रक्त एक, आईबाप एक. आपणही याच रस्त्याला लागणार का?

आणि आज वहिनींनी त्याच्यासाठी लाल गाडी भरली होती. दुसऱ्या कपासारखी, काठोकाठ.

तो उठला. मान तिरकी न करता निघाला, तो चौकटीवर आपटला.

दोन दिवस त्यानं सुईला हात लावला नाही. गॅलरीत बसला, पण बसगाड्यांनाही बोलला नाही. त्या येत, जात. खऱ्या होत्या का? आवाज होते. पण आवाजही बनत असतील, कुणी सांगावं? मुलानं विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "बरं आहे." म्हणताना वाटलं, हे तरी खरं आहे का?

तिसऱ्या दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवल्याचा आवाज झाला.

"एकच आणलात?" ड्रायव्हर म्हणाला. "पाहुण्यांचा कुठाय?"

वहिनींनी नुसतीच बशी सरकवली.

"लाल गाडी मी बनवली होती, वहिनी. मला काही दिसलं नव्हतं. पक्षीही नाहीत ना?"

खाली एक बस थांबली, माणसं उतरली, बस गेली.

"नि... निघतंच हो ते माझ्या तोंडातून," त्या म्हणाल्या. "'हो'च निघतं. इतकी वर्षं हो म्हणून म्हणून जिभेला दुसरं वळणच नाही राहिलं. एकदा नाही म्हटलं, तर ग्लास कपाळावर बसला होता. ही खूण बघा... बघा कसली, हात लावा."

त्यांनी त्याचं बोट धरून कपाळावर नेलं. भुवईच्या वर एक बारीक उंचवटा होता, गाठ मारून सोडलेल्या दोऱ्यासारखा.

"पण मी दादा नाही."

"ते मला कसं कळावं, भावजी?" वहिनींचा आवाज चिरकला. "त्यांनाही आधी माणसं नव्हती दिसत. त्यांनाही आधी खिडकीत कबुतरंच दिसायची!"

एकच भीती, आणि एकाच घरात दोघांनी ती एकमेकांपासून लपवलेली. तो कठड्यावरच्या टोप्यांबद्दल बोलला नव्हता, वहिनी कबुतरांबद्दल.

"वहिनी, मग मला वेड लागलंय का?"

"मला नाही माहीत."

हे उत्तर भयंकर होतं. पण कित्येक दिवसांत वहिनींनी दिलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं, आणि ते ऐकून का कोण जाणे, ड्रायव्हरनं चहा उचलला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोघं मिळून गेली. ड्रायव्हरनं एका दमात सगळं सांगितलं: जाळी, पक्षी, टोपीवाले.

"मी विचारलं होतं की तुम्हाला."

"तेव्हा नव्हते आले."

डॉक्टर या वेळी हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आजोबा, डोळ्यांकडून मेंदूला खबर जायची बंद झाली ना, की मेंदू रिकामा बसत नाही. आपल्याच गोष्टी रचून दाखवतो. नजर गेलेल्या पुष्कळ लोकांना असं दिसतं. घाबरून सांगत नाहीत इतकंच. हे वेड नाही."

"माझ्या भावाला—"

"भावाचे डोळे कसे होते?"

"चांगले होते," वहिनी म्हणाल्या. "शेवटपर्यंत पेपर वाचायचे."

"मग तो आजार निराळा असणार. तरी हवं तर मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवा. मनात शंका नको."

मेंदूच्या डॉक्टरांनी वार विचारला, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळाबद्दल चार प्रश्न विचारले, आणि "सगळं ठीक आहे" म्हणून पाठवलं. सुनेला इतका आनंद झाला की ती फोनवर सगळ्यांना सांगत सुटली.

ड्रायव्हर मात्र रस्ता चुकलेल्यासारखाच. ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टर काय, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणतातच. सगळं जगच हो म्हणणाऱ्यांचं असेल, तर 'हो'ला काय किंमत? मेंदू गोष्टी रचतो म्हणे. मग ही वेड नसल्याची गोष्टही त्यानंच रचली नसेल कशावरून? विचार गोल फिरून पुन्हा त्याच स्टॉपवर येई, आणि स्टॉपवर कुणी चढत नसे, उतरत नसे.

एका दुपारी त्यानं गोधडी काढली आणि वहिनींच्या खोलीत नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली.

"वहिनी, टाके कसे आहेत?"

"छा—"

शब्द अर्ध्यावर तुटला. त्यांनी गोधडी पसरली, हातानं सारखी केली, बराच वेळ पाहिली. पक्षी नाहीत, हे सहन झालं होतं. पण हात? तेही गेले असतील, तर मग उरलं काय?

"वाईट आहेत," वहिनी म्हणाल्या.

"किती?"

"पुष्कळ वाईट. हे बघा..." त्यांनी त्याचं बोट धरून टाक्यांवर ठेवलं आणि चालवू लागल्या. "इथवर सरळ आलात. मग इथे हे काय? कुठे निघालात?"

"तिथे एक बसला होता. त्याला वळसा घातला."

"आणि हे?"

"तिथे दोघं होते. जोडी असावी."

"अहो, पण परत येताना इतक्या लांबून?"

"उठून उडाले तर, म्हटलं."

वहिनींना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खोकल्यासारखं, मग त्या पोट धरधरून हसू लागल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. ड्रायव्हरला कळेना की त्या हसतायत की रडतायत. त्यांनाही ते ठाऊक नसावं. बोटाखाली टाके होते. त्यात पक्षी नव्हता, पंख नव्हता, काहीच नव्हतं. दारू पिऊन घरी निघालेल्या माणसाची पावलं असावीत तशा नुसत्या झोकांड्या.

"तुम्ही छान म्हणत होतात," तो म्हणाला.

"हो."

"तेही खोटं."

"तेही." वहिनींचा आवाज खाली गेला. "सगळं नाही. हा काठ चांगला आहे. हा इथला, हातभर. हा मी माझा म्हणूनसुद्धा खपवीन."

"हे आत्ता खरं बोलताय, की मला बरं वाटावं म्हणून?"

"बरं वाटावं म्हणून बोलले असते तर दोन हात म्हणाले नसते का?"

त्यानं तो हातभर काठ बोटांनी दोनदा चाचपला. एकसारखे दाणे, एकामागून एक. कुठल्या दिवशी घातले होते हे, कोण जाणे.

"बाकीचं उसवायचं?"

"उसवायचं."

वहिनींनी बारीक कात्री काढली. त्या टाका कापत, ड्रायव्हर दोरा ओढून काढी. इतकं शिवलेलं उसवताना कुठेतरी घट्ट बांधलेलं काही सैल होत होतं. पक्षी अजून येतच होते. डॉक्टरांनी खोटे ठरवले म्हणून त्यांनी काही येणं सोडलं नव्हतं. आले, बसले, पंख सावरले.

"हा?" तो कापडावर बोट ठेवून विचारी.

वहिनी पाहत. "नाही."

"आणि इथे, पान?"

"नाही."

दर वेळी त्यांचा 'नाही' जरा अडखळत येई, अंधाऱ्या जिन्यावरून एकेक पायरी उतरावी तसा. पण येई. दर वेळी ड्रायव्हर दम धरून वाट पाही, आणि 'नाही' आला की श्वास सोडी. बसलेला पक्षी बसलेलाच राही. त्यानं फक्त त्याच्यातून सुई न्यायची. पहिल्यांदा नेली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. दुसऱ्यांदा उघडेच ठेवले.

मध्येच त्यानं मान वळवली आणि हात थबकला.

"वहिनी."

"काय?"

"दाराशी कुणी उभं आहे का? उंच. हातात काहीतरी धरलंय."

खोलीत कात्रीचा आवाज थांबला. हो म्हणायला किती सोपं होतं. आता नाही म्हणायलाही सोपं झालं होतं. दुपारभर तेच तर चाललं होतं.

"ना—" वहिनी म्हणू लागल्या, आणि थांबल्या. "खरं सांगू? हा चष्मा जवळचा आहे. एवढ्या लांबचं मलाही धड दिसत नाही. कोट टांगलाय, की सून लवकर आलीये, की काहीच नाही, देव जाणे."

"मग?"

"मग काय मग? थांबा, बघून येते."

त्यांनी कात्री खाली ठेवली. जमिनीवर हात टेकला, गुडघे कुरकुरले, आणि त्या खरंच उठल्या. ड्रायव्हर सुई तशीच धरून बसला. वहिनींच्या सपाता फरशीवर एकेक पाऊल घासत दाराकडे निघाल्या, आणि दाराशी जे काही होतं की नव्हतं, तेही त्याच्यासारखंच त्यांची वाट पाहत राहिलं.